वाफेला येऊ द्यायचं

कडुनिंबाला मोहर आलाय असं सुलोचना म्हणाली, म्हणून आला असणार.

मी अंगणात झाडाखालीच उभा होतो. बारीक पांढरी फुलं डोक्यावर, खांद्यावर, चष्म्याच्या काडीवर पडत होती, आणि तरी ही बातमी मला बायकोकडून कळली. तिनं झाडाखाली माझं जुनं धोतर अंथरलंय. दिवसभर त्यावर फुलं गळतात. संध्याकाळी ती धोतराची टोकं उचलते, काड्या निवडते आणि फुलं सुपात पसरून गच्चीवर नेते. वाळली की वर्षभर तुपात परतून सारात घालायची. कुंभकोणमला पंगुनी महिना लागला की घरोघरी हे सुरू होतं. पंगुनी हा उंबऱ्याबाहेरचा महिना. उंबऱ्याच्या आत आमचा फाल्गुन चालू असतो. नदीत वाळू उघडी पडलेली असते, भाताची कापणी होऊन गेलेली असते, आणि सुंदरपेरुमाळ कोयिलकडं जाणाऱ्या रस्त्यावर शेतकरी उडदाचं पीक पसरून ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या त्याची मळणी करून देतात. हे सगळं मी डोळ्यांनी पाहून सांगतोय. पूर्वी मला पंगुनी आल्याचं अंथरुणात डोळे मिटून कळायचं.

वसुधानं, म्हणजे आमच्या मुलीनं, बंगळुरूत बसून मला ब्लॉग काढून दिला आहे. मी घरात सगळ्यांना तेच ते किस्से सांगून पिडतो, त्यापेक्षा जगाला पिडावं, असा तिचा हेतू असावा. परवा फोनवर म्हणाली, "अप्पा, आधी स्वतःची ओळख लिहा. आवडीनिवडी, सवयी, काय खाता, कशाचं वेड आहे. माणूस कळला पाहिजे."

"किती लिहू?"

"तीन ओळी."

"तीन ओळींत माझं नाकसुद्धा मावायचं नाही."

"मग नाकाचंच लिहा," असं म्हणून ती हसली. तिला कल्पना नव्हती आपण काय म्हणालो त्याची. लगेच आलीही असावी, कारण हसणं मध्येच थांबलं आणि तिनं आईला फोन द्यायला सांगितलं.

तर ओळख. आम्ही मराठी. कुठले, तर कुंभकोणमचे. कुणी एक पूर्वज तंजावरच्या राजांच्या चाकरीत इकडं आला, बिऱ्हाड मांडलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, पाऊल रस्त्यावर पडलं की तमिळ. बँकेतल्या नोकरीत बदली होऊन मी काही वर्षं पुण्यात होतो. तिथं एकदा वाण्याला म्हटलं, "साखर बेगीन द्या." त्यानं हातातला तराजू थांबवला, माझ्याकडं पाहत राहिला, आणि मग वयस्कर माणसाला द्यावी तशी अतिशय आदरानं पुडी बांधून दिली. मी तेव्हा तिशीतही नव्हतो. इथं लिहितोय ती मराठी पुण्यात शिकलेली आहे. आमची माणसं बोलतील ती घरची.

आता आवडी. लिहायला बसलो आणि पंचाईत झाली. मला कॉफी आवडते. पण पहिल्या घोटापेक्षा त्याच्या आधीचा क्षण जास्त. पितळी पेला नाकाखाली धरून मी इतका वेळ बसायचो की सुलोचना विचारायची, "पिता की गप्पा मारता तिच्याशी?" मला पुस्तकं आवडतात, पण नवं पुस्तक आधी मधोमध उघडून हुंगल्याशिवाय मी पहिलं पान वाचत नसे. मला केळीच्या पानावर पडलेला ऊन भात आवडतो, आणि त्यातही भात नव्हे, भाताखाली पान जे जरा पोळतं त्याचा वास. लग्नकार्यात गर्दीत मागून कुणी डोळे झाकले तर कुठली मावशी, कुठली आत्या हे मी लुगड्याच्या वासावरून सांगत असे, आणि एकदा एका परक्या बाईंनाही त्यांच्या लुगड्याचा वास सांगून बसलो. माझी एकही आवड तोंडानं सुरू होत नाही, हे मला साठीच्या अलीकडे, एका ब्लॉगच्या रिकाम्या चौकटीपुढे बसल्यावर समजलं.

आणि नाक तर बंद पडलेलं.

ऐप्पसीच्या पावसात, म्हणजे गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुमारास, मला ताप आला. ताप आठवड्यात गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल कदाचित. आला तरी पूर्वीसारखाच येईल असं नाही." जीभ शाबूत आहे. आंबट, खारट, गोड, कडू हे चौघं नेमानं हजर होतात. पण चिंच येत नाही, नुसतं आंबट येतं. गूळ येत नाही, गोड येतं. जणू घरात माणसं वावरतायत आणि एकालाही चेहरा नाही.

पहिले काही महिने आठवणीवर निघाले. पेला नाकाखाली धरला की कॉफीचा वास मनात उठायचा, म्हणून मी धरायचं सोडलं नाही. त्यामुळं सुलोचनाचा समज झाला की नाक परत आलं. मी दोनतीनदा म्हटलं होतं तिला, येत नाही म्हणून, ती म्हणाली, "तापानं गेलंय, येईल." मग मीही विषय काढला नाही. पुढंपुढं मनातला वासही फिका होत गेला. आता 'कॉफीचा वास' एवढे दोन शब्द उरलेत.

इथं मला आईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण नाक तिनं घडवलं.

आमच्या घरी देवाचा नैवेद्य आणि पितरांचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो. पानं वाढून, नैवेद्य होऊन जाईपर्यंत जिभेला थेंब लावायचा नाही. मग मीठ कळायचं कसं? तर वासानं. आई मला लहानपणी चुलीपाशी बोलवायची आणि भांड्यापासून हातभर लांब उभं करायची. मी वाकलो की खांद्याला धरून मागं ओढायची.

"जवळ जाऊ नको. हुंगशील तर उष्टं होईल. फूल हुंगलं तर देवास चालतं का?"

"मग वास कसा येणार?"

"तू जायाचं नाही. वाफेला येऊ द्यायाचं."

मग ती सांगायची: श्वास सोड, थांब, आता येईल ती आपण होऊन येईल. मीठ नसलं की वास वरवर हिंडतो, घरभर पाहुण्यासारखा, कुठं बसावं कळत नाही त्याला. मीठ पडलं की खाली बसतो. मला हे शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा लवकर समजलं. आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, ते कधी जमलं नाही. ती भांड्यावर तोंड घालायची आणि आई तिला हाकलायची. हळूहळू घरात सणवार असो, श्राद्धपक्ष असो, भांडं उतरायच्या आधी मला हाक मारायची रीत पडली. खटकलं तर मी बोलायचो. काही बोललो नाही तर भांडं उतरायचं. माणसाला एक तरी गोष्ट अशी पाहिजे की तिच्यासाठी त्याला हाक मारली जाते. माझी ही होती. बाकी कामांना मला कुणी हाक मारत नाही. किस्से सांगून मी काम लांबवतो अशी ख्याती आहे.

आई गेली ती फाल्गुनात, कडुनिंब असाच गळत असताना. तिचं श्राद्ध दरवर्षी या मोहरात येतं.

गेल्या वर्षी त्या सकाळी सुलोचना आणि माझी चुलतवहिनी सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. श्राद्धाच्या स्वयंपाकात हिंग नाही, मिरची नाही. मिरं आणि जिरं. कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, वडे, तिळाचे लाडू, आणि आईच्या हातचं म्हणून नाव झालेलं मिऱ्याचं सार. आक्का आडुतुरैहून पहिल्या गाडीनं आली होती. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीनं आईच्या श्राद्धाचा स्वयंपाक करायचा नसतो, तिचं गोत्र बदललेलं असतं. त्यामुळे ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून, हात न लावता, सगळा स्वयंपाक तोंडानं करते.

सुलोचनानं हाक मारली, "सार बघा."

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

वहिनी हसली. "भाऊजींची नवी कथा सुरू झाली."

आक्का उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "ह्यास नाक चोंदलं होतं तेव्हां शेजारची वांगी करपलेली कळली होती. ह्यास वास येत नाही म्हणे."

"खरंच येत नाही."

"सरी, सरी, बरं. बेगीन बघ, भटजी बसलेत."

मी नेहमीच्या जागी उभा राहिलो. हातभर लांब. श्वास सोडला, थांबलो. वाफ आली. गालाला लागली, ओली, गरम, चष्म्यावर धुकं धरलं. त्यापलीकडे काही नव्हतं. बाहेरून भटजींनी हाक मारली, पवित्रक घालायचं होतं. मी मागं सरलो. बोललो नाही म्हणून भांडं उतरलं.

सारात मीठच नव्हतं. सुलोचनाला वाटलं वहिनीनं घातलं, वहिनीला वाटलं सुलोचनानं. हे इतर कुठल्याही घरात घडलं असतं तर पळीभर चाखून कुणीतरी ओरडलं असतं. आमच्या घरात चाखायचं नाही. बरं, पानावर बसलेल्यांनी तरी सांगावं? श्राद्धाला जेवणाऱ्यानं अन्नाचे गुणदोष बोलायचे नसतात. आणि पानावर वेगळं मीठ वाढायचं नसतं, मागायचंही नसतं. दोघेही ब्राह्मण शांतपणे भातावर सार घेऊन जेवले. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, तृप्त झालात का? ते म्हणाले, तृप्त झालो. तसं म्हणावंच लागतं.

सगळं आटोपल्यावर आम्ही घरची माणसं बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या जिभेनं, त्या प्रामाणिक चौघांनी, सांगितलं की खारट आलेलं नाही. मी मान वर केली. सुलोचना पानाकडे बघत होती. वहिनी पानाकडे बघत होती. आक्का माझ्याकडे बघत होती. एरवी आमच्या पंगतीत दोन वाक्यांच्या मध्ये रिकामी जागा मिळत नाही.

दुपारी परसातल्या पायरीवर आक्का शेजारी येऊन बसली. कडुनिंबाची फुलं आमच्या दोघांमध्ये पडत होती.

"खरंच येत नाही रे?"

"नाही."

"अवघाच नाही?"

"अवघाच."

"मज सांगितलं का नाहीस?"

"सकाळी सांगितलं की. तुम्ही सगळे हसलात."

तिनं मांडीवर पडलेली फुलं झटकली. मग म्हणाली, "मीच आधी हसलें." तसं नव्हतं, वहिनी आधी हसली होती, पण मी दुरुस्ती केली नाही. आयुष्यभर सगळ्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या की एखादी बिनमिठाची गोष्ट लोकांना ओळखू येत नाही. यात त्यांची काही चूक नाही.

"आईचं पान अळणी गेलं," मी म्हणालो.

"आईनं काय कमी अळणी खाल्लं? शेवटी रक्तदाब होता तेव्हां वर्षभर अळणीच जेवली की." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "नाक माझं चालतंय. उपयोग काय त्याचा."

मला वाईट वाटत होतं ते नुसतं साराचं नव्हतं. आईचा चेहरा फोटोत आहे. आवाज वसुधाच्या फोनमध्ये आहे, त्यात ती 'हे बंद कर आता' असं म्हणते. पण तिच्या चुलीपाशी उभं राहिल्यावर जे अंगावर यायचं ते कशात ठेवलेलं नाही. ते फक्त माझ्यात होतं, दर फाल्गुनात एकदा, मिऱ्याच्या साराची वाफ आली की जागं व्हायचं. आता वाफ येते आणि आई येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडुतुरैहून फोन आला. "रघू, कॉफी झाली?"

"झाली."

"माझीही होत्येय. वास येतोय बघ."

"कसा?"

ती अडखळली. "कॉफीसारखा."

त्यानंतर रोज सकाळी ती फोन करून मला एक वास सांगू लागली. सुरुवातीला फार वाईट सांगायची. मोगरा मोगऱ्यासारखा, माती मातीसारखी. मी चिडवायचो, "आक्का, तू बातम्या वाचतेस का?" ती म्हणायची, "तूच सांग मग कसं सांगायाचं." "माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" अशी भांडणं व्हायची. पण ती हट्टी आहे, आईवर गेली आहे. पाऊसकाळात एकदा म्हणाली, "लुगडं वाळलं नाही. भिजल्या लुगड्यास असा वास येतोय जसा अण्णांच्या छत्रीस यायाचा, आंत आंत." अण्णा म्हणजे आमचे वडील. मला वास आला नाही, पण छत्री दिसली, तिची वाकडी मूठ, दाराआडची जागा, आणि क्षणभर असं वाटलं की आलाच. मार्गळी महिन्याच्या थंडीत म्हणाली, "नव्या भातास दुधासारखा वास येतोय, पण दूध कुणी जरा पेंढ्यावर सांडावं, तसा." मी फोन ठेवला आणि ते वाक्य तसंच्या तसं लिहून काढलं. वसुधाला ते दाखवलं, त्यातून हा ब्लॉग निघाला. म्हणजे ही माझी ओळख असली तरी त्यातली बरीच उसनवारी आक्काची आहे.

यंदा फाल्गुन लागताच सुलोचनानं जाहीर केलं, "मीठ मी आधीच मापून वाटीत काढून ठेवणार. एकाच हातानं पडेल. कुणाच्या नाकाचं काम नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरोखरच बरोबर होतं. दिवसभर मग मी गच्चीवर फुलं राखत बसलो, चिमण्या येतात म्हणून. चिमण्या कडुनिंबाची फुलं खात नाहीत.

श्राद्ध काल झालं. सकाळी वाटीतलं मीठ सारात पडलं. सुलोचना पळी हातात घेऊन उभी राहिली. भांडं उतरवेना. यंदा चुलतभावाकडची माणसं जास्त आली होती, सारात दोनदा पाणी वाढवलं होतं, आणि वाटी त्याच्या आधी भरलेली होती. मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. हाक मारायची सवय तिच्याही तोंडात होती. ती तिनं गिळली, ते मला दिसलं.

मग ती म्हणाली, "आक्का, तुम्ही बघा की."

आक्का उंबऱ्याबाहेर बसली होती. "मी आंत कशी येऊं?"

"वास घ्यायचा आहे, हात लावायचा नाही."

"तरी, भटजींस पुसा."

ओसरीवर भटजी दर्भ निवडत होते. आमच्या घरातली अर्धी भांडणं त्यांनी ऐकलेली आहेत. त्यांनी आमच्याकडं न बघताच तमिळमध्ये विचारलं, काय अडलंय? मी सांगितलं. मधल्या वेळात आक्काला आतून धीर आला असावा. "वास घेण्यास गोत्र लागत नाही म्हणून सांग त्यांस," ती माझ्यामागून म्हणाली. भटजी थोडा वेळ दर्भच निवडत राहिले. मग म्हणाले, "वाफ उंबऱ्याबाहेर येतेच आहे. ती कुणाला विचारून येत नाही. त्यांनी बसल्या जागी घ्यावी."

सुलोचनानं फडक्यानं भांडं धरून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आणून टेकवलं. आक्का पलीकडे. ती लगेच पुढं वाकली, लहानपणी वाकायची तशीच, आणि माझ्या तोंडून आईचा आवाज निघाला.

"जवळ जाऊ नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मागं सर. हातभर. श्वास सोड. तू जायाचं नाही."

"वाफेला येऊ द्यायाचं," आक्का म्हणाली. तिनं डोळे मिटले. वाफ उंबरा ओलांडून तिच्याकडे गेली. तिच्या कपाळावरचे पांढरे केस ओले होऊन चिकटले.

"काय येतंय?"

"मिरं येतंय. आधी मिरंच. जुन्या पेटीचं झाकण उघडल्यासारखं, टोचतंय. मग जिरं. तूप खालीं आहे, दबलेलं."

"आणि?"

"हिंडतंय रे." तिनं डोळे उघडले नाहीत. "पाहुण्यासारखं उभंच आहे. बसत नाही."

मी सुलोचनाला म्हणालो, "अजून एक चिमूट. मोठी."

चिमूट पडली, पळी फिरली. आम्ही तिघंही थांबलो. माझ्या चष्म्यावर धुकं आलं, ते मी पुसलं नाही. आक्काचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मी त्या चेहऱ्याकडं बघत होतो, आणि सार कुठवर आलंय ते मला तिथं दिसत होतं.

"बसलं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "रघू, आईसारखं येतंय."

मी काही बोललो नाही. भांडं उतरलं.

पंगतीत नियमाप्रमाणे कुणी चांगलं-वाईट बोललं नाही. पण थोरल्या ब्राह्मणांनी भात संपवल्यावर पानावर हाताची ओंजळ केली आणि तशीच धरून ठेवली. सुलोचनानं त्यात सार वाढलं. ते प्यायले आणि ओंजळ पुन्हा पुढं केली. मग मी विचारलं, तृप्त झालात का?

आज सकाळी वसुधाचा फोन आला, चौकट अजून रिकामीच दिसतेय म्हणून. मी ती भरली. तीन ओळी सांगितल्या होत्या, तीनच लिहिल्या आहेत.

राहणार कुंभकोणम.

आवड: मिऱ्याचं सार.

खारट-आंबट विचारलंत तर मी सांगेन. वास कसा येतो ते आक्काला विचारून कळवतो.